रोजच्या छोट्या फेऱ्या आणि अर्धपोटी बॅटरी

प्रश्न थोडक्यात असा: गाडी रोज फक्त घर ते कचेरी जाते-येते, एका बाजूला चार-पाच किलोमीटर, म्हणजे दहा-बारा मिनिटे. बॅटरी दोन वर्षांतच बसते, नवी घातली तरी पुन्हा तेच. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारे आणि बॅटरी भरणारे जनित्र) तपासला, तो ठीक निघाला. रोज सकाळी दहा मिनिटे इंजिन नुसते चालू ठेवले तर फरक पडेल का?

नाही पडणार, आणि उगाच इंधन जाईल. तुमच्या वापरात बॅटरी टिकवायची असेल तर महिन्यातून एकदा घरच्या विजेवर चांगला चार्जर लावून ती काठोकाठ भरावी लागेल. बाकीचे उपाय या कामाला हातभार लावणारे आहेत. असे का, ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या आकड्यांचा अर्थ लागेल.

सेल्फ मारताना बॅटरी खूप खर्च होते आणि छोट्या फेरीत ती भरून निघत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. हिशेब करून पाहा. छोट्या पेट्रोल इंजिनाला सेल्फ मारताना साधारण १५० अँपिअर करंट लागतो, तोही दोन सेकंद. १५० गुणिले २ म्हणजे ३०० अँपिअर-सेकंद. त्याला ३६०० ने भागले की ०.०८ अँपिअर-अवर (एक अँपिअर करंट तासभर गेला की एक अँपिअर-अवर). ४५ अँपिअर-अवरच्या बॅटरीतून हे जवळजवळ काहीच गेले नाही. १० अँपिअरने चार्जिंग झाले तर अर्ध्या मिनिटात परत येते. डिझेल गाडीत ग्लो प्लग (थंड इंजिन आधी तापवणारे) धरून याच्या तीन-चार पट धरा, तरी खर्च किरकोळच.

खरा खर्च गाडी उभी असताना होतो. घड्याळ, सेंट्रल लॉकिंग, अलार्म, किल्लीचा सिग्नल ऐकणारा रिसीव्हर आणि इंजिन कंट्रोल युनिटची मेमरी मिळून बंद गाडीही २० ते ५० मिलिअँपिअर घेतच असते. ५० मिलिअँपिअर धरले तर २४ तासांत १.२ अँपिअर-अवर जातात, म्हणजे पंधरा वेळा सेल्फ मारण्याइतके. शिवाय दरवाजा उघडला की गाडीतली सगळी युनिट जागी होतात आणि गाडी बंद करून लॉक केल्यावरही काही मिनिटे जागीच राहतात. या काळात काही अँपिअर सहज जातात. पाच अँपिअर दहा मिनिटे गेले तर ०.८ अँपिअर-अवर. डिकीतून पिशवी काढायला दिवसातून चार वेळा गाडी उघडली की हा खर्च चार वेळा होतो. इंजिन बंद ठेवून गाणी ऐकत अर्धा तास बसलात तर आणखी तीन-चार अँपिअर-अवर गेले.

आता जमा पाहू. अल्टरनेटरवर ७० किंवा ९० अँपिअर लिहिलेले असले तरी बॅटरी तेवढे घेत नाही. बॅटरी किती करंट स्वीकारणार हे ती किती भरलेली आहे यावर ठरते. निम्मी रिकामी असेल तर ती भराभर घेते. ८० टक्क्यांच्या पुढे गेली की तिचा घास लहान होत जातो. ७५-८० टक्क्यांवरची बॅटरी १४.२ व्होल्टवर सुरुवातीला १५-२० अँपिअर घेईल आणि दहा मिनिटांत ५-६ अँपिअरवर येईल. म्हणजे बारा मिनिटांच्या एका फेरीत फार तर दोन अँपिअर-अवर आत गेले. शेवटचे २० टक्के भरायला काही तास लागतात, मग अल्टरनेटर कितीही मोठा असो. हे शिसे आणि आम्ल यांच्या रसायनाचे बंधन आहे.

आता रात्र, पाऊस, ट्रॅफिक यांची भर घाला. दोन हॅलोजन हेडलाइट ५५-५५ वॅटचे, म्हणजे ८-९ अँपिअर. ब्लोअर पूर्ण वेगात १० ते २०. मागच्या काचेचा हीटर १० ते १५. रेडिएटरचा पंखा फिरला की आणखी १०-२०. सिग्नलला इंजिन ७५० आरपीएमवर असताना अल्टरनेटर त्याच्या क्षमतेच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतच देतो. सगळे एकदम चालू असेल तर बॅटरीच्या वाट्याला एक-दोन अँपिअर उरतात, कधी कधी उलट बॅटरीतूनच जातात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. अशा वापरात बॅटरी एकदम शून्यावर जात नाही. जसजशी ती उतरते तसतशी तिची स्वीकारण्याची ताकद वाढते, आणि एका पातळीला रोजची जमा आणि रोजचा खर्च बरोबर होतो. ही पातळी बहुधा ६५ ते ७५ टक्क्यांच्या आसपास असते. बॅटरी तिथे महिनोन्‌महिने तरंगत राहते. गाडी रोज सुरू होते, त्यामुळे सगळे ठीक आहे असे वाटते. अल्टरनेटर तपासला तर तोही ठीकच निघतो, कारण दोष त्याचा नसतोच.

अर्धपोटी राहिल्याने आत काय होते ते पाहू. बॅटरी करंट देते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते. ताजे असताना ते बारीक, मऊ असते आणि चार्जिंगमध्ये सहज विरघळते. पण आठवडे-महिने तसेच राहिले तर त्याचे स्फटिक मोठे आणि कठीण होतात. मग साध्या चार्जिंगने ते मोडत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी झाला. दुसरा त्रास म्हणजे आम्लाचे थर. जड आम्ल तळाशी बसते, वर पाणचट द्रव राहतो. पूर्ण चार्जिंगच्या शेवटी बुडबुडे येऊन हे मिश्रण ढवळले जाते. अर्धवट चार्जिंगमध्ये बुडबुडे येतच नाहीत. मग प्लेटचा खालचा भाग तीव्र आम्लात सडतो आणि वरचा उपाशी राहतो. अशा बॅटरीचे व्होल्टेजही फसवे, खऱ्यापेक्षा चढे दिसते.

म्हणून पहिले काम म्हणजे मोजणे. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर बंद राहू द्या. सकाळी दरवाजा उघडण्याआधी बॅटरीवर मोजता आले तर उत्तम. बॉनेटची कळ आत असेल तर आदल्या रात्री बॉनेट नुसते टेकवून ठेवा. शक्यच नसेल तर दरवाजा उघडल्यावर गाडी लॉक करून अर्धा तास थांबा. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण ७५ टक्के, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. एजीएम बॅटरी (आम्ल काचतंतूच्या चटईत शोषलेली, बंद प्रकारची) भरलेली असताना १२.८ च्या वर दाखवते. गाडी चालवून आल्या आल्या मोजू नका. त्या वेळी प्लेटांच्या पृष्ठभागावरचा चार्ज १२.९, १३ दाखवतो आणि मन उगाच निश्चिंत होते. तुमच्या वापरात सकाळी १२.३-१२.४ दिसले तर वर सांगितलेलेच चालू आहे असे समजा. १२.४ च्या खाली आठवडाभर राहू द्यायचे नाही, ही मर्यादा पाळा.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारी नळी) याहून खरे सांगतो. १.२६५ ते १.२८० भरलेली, १.२२५ च्या आसपास पाऊण, १.१९० निम्मी. सहाही सेल एकमेकांच्या जवळपास हवेत. एखादा सेल ०.०५० ने मागे असेल तर तो सेल जाण्याच्या मार्गावर आहे.

आता चार्जर. मायक्रोप्रोसेसरवाला, टप्प्याटप्प्याने चार्ज करून स्वतः थांबणारा घ्या. करंट बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका: ४५ अँपिअर-अवरला ४ ते ५ अँपिअर. साध्या बॅटरीला शेवटी १४.४ व्होल्टपर्यंत जाणारा, एजीएमला १४.७ पर्यंत, चार्जरवर दोन्हींचे वेगळे मोड असतात. भरल्यावर तो १३.५ च्या आसपास उतरून नुसती राखण करतो. जुन्या पद्धतीचा, रेग्युलेटर नसलेला ट्रान्सफॉर्मर-चार्जर रात्रभर लावून ठेवला तर पाणी उकळून प्लेटा उघड्या पडतात, तो यासाठी नको. चार्जरवर ‘रिपेअर’ मोड असेल आणि त्यात व्होल्टेज १५.५-१६ वर जात असेल तर तो बॅटरी गाडीत जोडलेली असताना आणि एजीएमवर कधीच वापरू नका.

जोडण्याचा क्रम असा. चार्जर भिंतीवर बंद. लाल चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. काळा चिमटा बॅटरीपासून लांब, इंजिनच्या किंवा बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टवर. मग भिंतीवरचे बटण चालू. काढताना आधी बटण बंद, मग काळा, मग लाल. काळा चिमटा लांब लावण्याची दोन कारणे आहेत. चार्जिंगच्या शेवटी बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी त्याच्याजवळ नको. दुसरे, नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवरच काड्यापेटीपेक्षा लहान एक काळी डबी असते. तो सेन्सर आत-बाहेर जाणारा करंट मोजतो. चिमटा थेट टर्मिनलवर लावला तर भरलेला चार्ज त्याच्या मोजणीत येत नाही आणि गाडी बॅटरी रिकामीच समजत राहते.

७५ टक्क्यांवरून ११ अँपिअर-अवर भरायचे असतील तर नुकसान धरून साधारण १३ आत घालावे लागतात. चार अँपिअरच्या चार्जरने पहिले तीन तास भराभर जातात, मग करंट घटत घटत आणखी तीन ते पाच तास. म्हणून संध्याकाळी लावा, सकाळी काढा. ‘फुल’चा दिवा लागल्यावर आणखी दोन-तीन तास तसाच ठेवला तर आम्लाचे थर मोडायला मदत होते. जागा हवेशीर असावी.

इमारतीच्या पार्किंगमध्ये प्लग नसेल तर बॅटरी काढून वर आणून चार्ज करता येते. आधी निगेटिव्ह सोडायचा, मग पॉझिटिव्ह, बसवताना उलट. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होऊन पाना तिथेच चिकटतो. अंगठी, कडे काढून ठेवा. बॅटरी उभीच ठेवा, बाल्कनीत, गॅसच्या शेगडीपासून दूर. पुन्हा बसवल्यावर घड्याळ लावावे लागेल, काचांचे ऑटो फंक्शन पुन्हा शिकवावे लागेल, काही म्युझिक सिस्टिम कोड मागतात. तो आधीच शोधून ठेवा. डॅशबोर्डवर ठेवायचे छोटे सोलर पॅनेलही मिळते. ५ वॅटचे पॅनेल कडक उन्हात ०.३ अँपिअर देते, काचेमागे आणि आडवे ठेवल्यावर त्याहून कमी. दिवसाला जेमतेम एक अँपिअर-अवर मिळतो, म्हणजे गाडी उभी असतानाचा खर्च भागतो, उतरलेली बॅटरी भरत नाही. बऱ्याच गाड्यांत सिगारेट लायटरचे सॉकेट चावी काढली की बंद होते. तिथे लावलेले पॅनेल काहीच करत नाही.

रोज दहा मिनिटे इंजिन उभ्या गाडीत चालवण्याबद्दल एवढेच: आयडलला अल्टरनेटर कमी देतो, बॅटरी शेवटचे टक्के घेत नाही, आणि इंजिन पूर्ण तापत नसल्याने ऑइलमध्ये इंधन आणि पाण्याचा अंश उतरतो. डिझेल गाडीत पार्टिक्युलेट फिल्टरमध्ये काजळी साचते. बंद गॅरेजमध्ये हे कधीच करू नका, कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो. आठवड्यातून एकदा ४० मिनिटे ते तासभर मोकळ्या रस्त्यावर एका दमात चालवणे मात्र खरेच उपयोगी आहे. त्याने बॅटरीची तरंगण्याची पातळी वर सरकते आणि इंजिनलाही बरे. पण निम्मी उतरलेली बॅटरी एका तासाच्या फेरीने पूर्ण भरेल ही अपेक्षा ठेवू नका. जंप देऊन गाडी चालू केल्यावरही त्याच संध्याकाळी चार्जर लावा.

रोजच्या सवयींत तीन बदल करा. इंजिन सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे ब्लोअर आणि मागचा हीटर बंद ठेवा, कारण बॅटरी सर्वांत मोठा घास त्याच वेळी घेते. मागच्या काचेचा हीटर काच साफ झाली की लगेच बंद करा. स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी सोय) असेल तर छोट्या फेरीत ते बटण दाबून बंद करा. तसेही, स्टार्ट-स्टॉप आपोआप काम करेनासे झाले तर बॅटरी अर्धपोटी असल्याची ती बहुधा पहिली खूण असते.

चार्जर लावूनही चार-पाच दिवसांत १२.३ वर येत असेल तर करंट कुठे तरी गळतो आहे. तो असा मोजा. बॉनेट उघडे ठेवा आणि त्याचे लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत दाबा, म्हणजे गाडीला बॉनेट बंद वाटेल. (बॉनेट लावण्याआधी ते लॅच पुन्हा सोडायला विसरू नका.) गाडी लॉक करा, रिमोट किल्ली दूर घरात ठेवा, किल्ली जवळ असली की कीलेस गाडी झोपत नाही. मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, निगेटिव्ह क्लॅम्प सोडा आणि मीटर टर्मिनल व क्लॅम्प यांच्यामध्ये लावा. सुरुवातीला काही अँपिअर दिसतील, घाबरू नका. २० ते ४५ मिनिटांत युनिट झोपतात आणि आकडा ५० मिलिअँपिअरच्या खाली आला पाहिजे. या काळात दरवाजा उघडू नका आणि चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल. आकडा खाली येत नसेल तर फ्यूज एकेक काढून पाहा; ज्याने आकडा धपकन पडेल त्या सर्किटमध्ये दोष. त्याहून चांगली रीत म्हणजे फ्यूज न काढता त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजणे. झोपलेल्या गाडीत तिथे जवळपास शून्य हवे. फ्यूज काढून घातला की त्याचे युनिट पुन्हा जागे होते आणि पुन्हा अर्धा तास थांबावे लागते, तो त्रास यात वाचतो.

बहुतेक वेळा गुन्हेगार नंतर बसवलेल्या वस्तू असतात: पार्किंग मोडवर चालणारा डॅशकॅम (२५० मिलिअँपिअरचा असेल तर दिवसाला ६ अँपिअर-अवर), अ‍ॅम्प्लिफायर, ट्रॅकर, ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीचे दोष तपासायचे सॉकेट) कायम खुपसलेले यंत्र. त्यानंतर डिकीतला न विझणारा दिवा, चिकटलेला रिले (विजेवर चालणारा स्विच). कुठलाही फ्यूज काढून फरक पडत नसेल तर अल्टरनेटरचा डायोड गळतो आहे का पाहा. बॅटरीचा निगेटिव्ह सोडलेला असताना अल्टरनेटरची जाड वायर काढून वेगळी बांधा, मग मीटरची जोडणी पुन्हा करून आकडा बघा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचली असेल तर तीही चार्जिंग अडवते. क्लॅम्प काढा, कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्याने धुवा, वायरब्रशने आतून-बाहेरून चकचकीत करा, घट्ट बसवा आणि मग वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. जेली आधी लावायची नाही. क्लॅम्प हाताने हलता कामा नये. वरून स्वच्छ दिसूनही आत संपर्क वाईट असू शकतो. मीटरचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवा, दुसरे त्याच टर्मिनलच्या क्लॅम्पवर, आणि दुसऱ्या कोणाला सेल्फ मारायला सांगा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अडथळा तिथेच आहे.

पाणी घालायची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटर प्लेटांच्या वर १० ते १५ मिलिमीटर किंवा खुणेपर्यंत. चार्जिंग झाल्यावर घाला, कारण चार्ज होताना पातळी वर येते. प्लेटा उघड्या असतील तरच आधी थोडे. आम्ल कधीही घालू नका.

नव्या गाड्यांतल्या स्मार्ट अल्टरनेटरबद्दल एक खुलासा. तो मुद्दाम बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास ठेवतो, ब्रेक मारताना मिळणारी ऊर्जा साठवायला जागा राहावी म्हणून. त्यामुळे चालू इंजिनवर कधी १२.६ दिसेल, कधी १४.८. साध्या अल्टरनेटरच्या गाडीत १३.८ ते १४.७ सतत दिसायला हवे. स्मार्टमध्ये हेडलाइट आणि ब्लोअर लावून पाहा, बहुतेक गाड्यांत व्होल्टेज १४ च्या वर जाते. अशा गाडीत साधी बॅटरी घालू नका. ईएफबी (साध्या बॅटरीचाच सुधारित, दणकट प्रकार) असेल तर ईएफबी किंवा एजीएम, एजीएम असेल तर एजीएमच. बदलल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नव्या बॅटरीची नोंद करावी लागत असेल तर ती करून घ्या. साध्या गाडीतही, वापर असाच राहणार असेल, तर पुढची बॅटरी ईएफबी घेणे फायद्याचे. ती भराभर चार्ज घेते आणि अर्धवट अवस्था जास्त सोसते. नुसती जास्त अँपिअर-अवरची घेऊन उपयोग नाही. रोजची जमा तेवढीच राहते, फक्त बसायला जास्त दिवस लागतात.

स्कूटर-मोटरसायकललाही हेच लागू आहे, पण तिथली बॅटरी ३ ते ९ अँपिअर-अवरची. तिला कारचा ५ अँपिअरचा चार्जर लावू नका, अर्धा ते एक अँपिअरचा हवा.

सध्याची बॅटरी वाचते का हे असे ठरवा. रात्रभर पूर्ण चार्ज करा, चार्जर आणि निगेटिव्ह दोन्ही सोडून बारा तास ठेवा, मग मोजा. १२.६ च्या आसपास असेल आणि सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या खाली जात नसेल तर महिन्यातून एकदा चार्जर लावायचे वेळापत्रक सुरू करा, ती चालेल. १२.४ च्या खाली बसली तर तिची क्षमता गेली आहे. १०.५ च्या आसपास दिसले तर एक सेल शॉर्ट आहे, त्यावर कोणताही चार्जर चालणार नाही. आणि नवी आणाल तेव्हा तिच्यावरचा उत्पादनाचा महिना पाहा. दुकानात पडून तीही उतरलेली असते, म्हणून बसवल्याच्या पहिल्याच रात्री चार्जर लावा.